साबणाचं पाणी

१

अकरा वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी चौकटीसकट रस्त्यावर येऊन पडली. तिच्यामागोमाग काचा आल्या, जळके कागद आले आणि मग गुलाब, चंदन, लिंबू, कस्तुरी अशा शंभर वासांचा एकच लोट खाली उतरला. रस्त्यावरची माणसं कानांवर हात ठेवून वर बघत राहिली. एवढं भयंकर घडलं आणि वास मात्र लग्नघरासारखा, हे त्या गल्लीतले लोक पुढे कितीतरी दिवस एकमेकांना सांगत होते.

तपासनीस बाई पाऊण तासात तिथे पोचल्या. चौकीत त्यांच्या पाठीमागे त्यांना ‘चिमटा’ म्हणत, कारण बारीकसारीक गोष्ट नेमकी उचलून धरायची त्यांना खोड होती. हे नाव त्यांच्या कानावर आलेलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं.

मेलेला माणूस साधासुधा नव्हता. साबणाला, तेलाला, अत्तराला कुठला वास द्यायचा हे ठरवणारा तो कारखान्याचा मुख्य माणूस. त्याला सगळे नुसतं ‘नाकसाहेब’ म्हणत. बादलीभर पाण्यात गुलाबाचा एक थेंब टाकला तरी तो थेंब कुठल्या वर्षीचा हे सांगेल, अशी त्याची ख्याती. स्वभावही तसाच, नाक कायम वर. घराला लागूनच, जिन्याच्या बाजूला उघडणारी त्याची कामाची खोली होती. बाहेरचे वास आत येऊ नयेत म्हणून खिडकी वर्षभर बंद आणि दाराला आतून जाड पत्रा ठोकलेला. आत हजारभर बाटल्या, अर्क तापवायला एक शेगडी आणि तिच्याशेजारी गॅसचं छोटं सिलिंडर.

“सिलिंडरच्या मानेपाशी रबरी वायसर असतो ना, तो नाहीये,” अग्निशमन दलाचा अधिकारी हातमोजे काढत म्हणाला. “रात्रभर गॅस बाहेर येत राहिला असणार. शेगडीची चावी बंदच आहे. ह्यांनी सकाळी दार उघडलं, आत आले, आतून कडी लावली आणि काडी ओढली. चावी फिरवायलासुद्धा वेळ मिळाला नाही. सगळा जोर खिडकीतून गेला, पत्र्याचं दार तसंच राहिलं. ते आम्हीच तोडलं.”

“म्हणजे गॅसने भरलेल्या खोलीत शिरून त्यांनी काडी ओढली?”

“हो.”

“आणि वास?”

अधिकाऱ्याने खांदे उडवले. बाई दारातच उभ्या राहिल्या. साध्या माणसालाही जो वास दहा पावलांवरून आला असता, तो ह्या माणसाला आला नाही?

२

कारखान्याचा मालक दुपारी स्वतः चौकीत आला. माणूस हादरून गेला होता. हवालदाराने दिलेला पाण्याचा पेला त्याने तसाच हातात धरून ठेवला.

“बाई, हा खून आहे,” तो म्हणाला. “मी शपथेवर सांगतो. काल संध्याकाळी मीच त्याला घरी सोडायला आलो होतो. जुनं सिलिंडर संपलं होतं, म्हणून त्याने माझ्यासमोर नवं बसवलं. मी गमतीत म्हटलं, साबणाचं पाणी लावून बघ रे, बुडबुडे आले तर कळेल. तर म्हणाला, ज्यांना नाक नसतं त्यांच्यासाठी साबण असतो. वाकला, हुंगलं आणि म्हणाला, ठीक आहे. आता तुम्हीच सांगा, ह्याच्या नाकाने ‘ठीक’ म्हटल्यावर गळती असेल? नंतर कुणीतरी वायसर काढला!”

“कुणावर संशय?”

मालकाने पेला खाली ठेवला. “त्याच्या शिष्येवर. सहा वर्षं हाताखाली होती. काल दुपारी परदेशी गिऱ्हाइकांसमोर पट्ट्यांची परीक्षा होती. म्हणजे कागदाच्या पट्ट्या अर्कात बुडवतात आणि नुसत्या वासावरून ओळखायच्या. परीक्षा झाली आणि ह्याने तिला सगळ्यांदेखत हाकलून दिलं. कारण सांगितलं नाही. ती जाताना म्हणाली, ‘सर, हे एक दिवस तुमच्या जिवावर बेतेल.’ मी ह्या कानांनी ऐकलंय.”

समोरच्या बिऱ्हाडातल्या आजीबाईंनी त्यात भर घातली. सकाळपासून जिन्यात घाणेरडा वास येत होता म्हणून त्यांनी गॅसवाल्यांना फोन केला होता. कुणी येऊन गेलं का, ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्या आतल्या खोलीत होत्या. पण अकराच्या सुमाराला बाहेर आरडाओरडा झाला, धाडधाड आवाज आले, मग तो मोठा आवाज. त्यांनी दार उघडलं तेव्हा ती पोरगी जिना उतरत धूम पळत होती.

“हात बघितले मी तिचे,” आजीबाई म्हणाल्या. “लालबुंद! मारामारी केली हो तिने.”

हवालदार संध्याकाळी तिला घेऊन आला. पंचविशीची मुलगी, केस विस्कटलेले, डोळे कोरडे. दोन्ही मुठींच्या कडा सुजून काळ्यानिळ्या झालेल्या. बाईंनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

“काही विचारू नका,” ती म्हणाली. “सरांना मीच मारलं.”

३

हवालदाराने लगेच कागद पुढे ओढला. वरिष्ठांचा फोनही आला. नाकसाहेबांचं नाव मोठं, वर्तमानपत्रवाले दारात, आरोपी कबूल झालीय, तेव्हा उद्या संध्याकाळपर्यंत कागदपत्रं पूर्ण करा. मुलीची उभी जिंदगी गजाआड जायला एवढं पुरेसं होतं.

बाईंनी मात्र पेन उचललं नाही. “कसं मारलंस?”

“गॅस सोडला.”

“कसा?”

“शेगडीची... चावी उघडी ठेवली. रात्री जाऊन.”

“किल्ली कुठून मिळाली?”

तिने हात पाठीमागे घेतले.

“शेगडीची चावी बंद होती, पोरी.”

मुलीने झटकन मान वर केली. गळती कुठून झाली, हे तिला माहीतच नव्हतं.

“हात दाखव,” बाई म्हणाल्या. तिने नाइलाजाने पुढे केले. मार फक्त करंगळीच्या बाजूला, दोन्ही मुठींना सारखा. ओरखडा नाही, नखं शाबूत. बाई स्वतः दोन भावांच्या पाठची बहीण. मारामारीत हाताला कुठे लागतं ते त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. हे हात माणसावर पडलेले नव्हते.

“दार वाजवत होतीस ना तू? बाहेरून?”

“मी मारलं त्यांना,” मुलगी पुन्हा म्हणाली. “तुम्हाला काय लिहायचं ते लिहा. पण सरांबद्दल काही विचारू नका.”

तिला कोठडीत नेल्यावर हवालदार हळूच म्हणाला, “मॅडम, कबूल होतेय ती. आपण कशाला नसती उठाठेव करायची?”

“कारण खोटं बोलतेय,” बाई म्हणाल्या. “आणि स्वतःला वाचवण्यासाठी नाही बोलत. असं खोटं मी वीस वर्षांत दोनदाच ऐकलंय.”

४

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नाकसाहेबांच्या घरी गेल्या. त्यांची बायको स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. काल ती पहाटेच बाहेर पडली होती आणि स्फोट झाला तेव्हा बाजारात होती. घर जागच्या जागी होतं. फक्त भिंतीपलीकडची खोली गेली होती आणि तिच्याबरोबर माणूस.

“तापट होते का?” बाईंनी विचारलं.

“तापट? बाई, मी अठ्ठावीस वर्षं संसार केला नाही, परीक्षा दिली. हे जिन्यातूनच ओरडायचे, ‘दूध लागलंय! तेल जुनं वापरलंस!’ माझ्या हातचं एकही जेवण ह्यांनी नाव न ठेवता खाल्लं नाही.” ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर कसलंतरी हसू आलं. “पण गेलं वर्ष! गेल्या वर्षी माझा नवरा मला मिळाला. एक शब्द नाही. जे वाढीन ते जेवायचे आणि म्हणायचे, छान झालंय. एकदा तर दूध पार करपलं होतं, मी लाजून टाकायला निघाले, तर हातातून पेला घेतला आणि मुकाट्याने प्यायले. मी त्या दिवशी रडले हो. म्हटलं, उशिरा का होईना, कदर झाली.”

बाई पुढे सरकल्या. “हे केव्हापासून?”

“न्हाणीघरात पडले होते ना, तेव्हापासून. साबणाच्या वडीवरून पाय घसरला. डोक्याला मागे चार टाके पडले. मी तर म्हणायची, तो मार लाभला आम्हाला.”

“सिलिंडर बदललं की तुम्ही काय करता?”

“मी साबणाचं पाणी लावते. ह्यांना हसू यायचं त्याचं.”

बाई उठून भिंतीपलीकडे गेल्या. जुनं रिकामं सिलिंडर दाराबाहेर जिन्यात ठेवलेलं होतं आणि वायसर त्याच्याच मानेत अडकून राहिला होता. जळक्या बाटल्यांच्या काचा पायाखाली करकरत होत्या. एक लोखंडी कपाट काळं पडलं होतं, पण उभं होतं. हवालदाराने कुलूप तोडलं. वरच्या कप्प्यात वह्या आणि पंधरावीस अर्कांच्या बाटल्या. बाईंनी एक उचलली आणि बुचावरून बोट फिरवलं. कानशीने केलेल्या खाचा लागल्या. एकीवर एक, दुसरीवर दोन, तिसरीवर आडवी. डोळे मिटून, चार माणसांच्या देखत हातात घेतली तरी बाटली कुठली ते बोटांना कळावं.

खालच्या कप्प्यात वह्यांच्या मागे एक वाटी होती. वाटीत वाळलेला साबण आणि एक छोटा कुंचला.

“हे काय, मॅडम?” हवालदार म्हणाला. “साबणाला कुलूप?”

बाई वाटीकडे बघतच राहिल्या. जो माणूस साबणाला हसायचा, तो साबण लपवून ठेवत होता. आणि परवा संध्याकाळी मालक समोर उभा असताना हे कपाट त्याला उघडता आलं नव्हतं.

५

टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी आधी फोनवर टाळाटाळ केली. बाईंनी चिमटा घट्ट केल्यावर ते बोलले. हो, डोक्याला मागून मार बसला की कधीकधी नाकाची वास घेणारी शीर तुटते. हो, नाकसाहेबांची तुटली होती. कायमची. “त्यांनी माझ्यासमोर तो कागद फाडला. म्हणाले, कुठे बोललात तर मी जीव देईन. मी काय करणार होतो?”

गॅसवाल्यांच्या कार्यालयात आजीबाईंच्या तक्रारीची पावती सापडली. तिच्यावर ‘तपासले, गळती नाही’ असा शेरा होता, वेळ अकरा वाजून पाच मिनिटं, आणि खाली नाकसाहेबांची झोकदार सही. तपासणारा कारागीर गोदामामागे बसला होता. कालपासून जेवला नसावा. बाईंना बघताच तो रडायला लागला.

“मी तपासलंच नाही, मॅडम. दाराशी गेलो तेव्हा ती ताई जिन्यात उभी होती. साहेब किल्ली घेऊन घरातून आले. मी म्हटलं, थोडा वास येतोय, खोली बघू द्या. ताईसुद्धा म्हणाली, सर, खरंच येतोय. तर साहेब हसले. म्हणाले, मला ओळखतोस का? ह्या शहरात वास असला तर तो आधी मला येतो, मग तुला. आण तो कागद.” त्याने तोंड पुसलं. “एवढा मोठा माणूस नाही म्हणाल्यावर मला वाटलं, आपलंच नाक खराब. सही घेतली आणि उतरलो. मी खालच्या फाटकाशीच होतो हो, आवाज झाला तेव्हा.”

“ताईला ते आणखी काय म्हणाले?”

“मी वळलो होतो. पण एवढं ऐकलं. म्हणाले, ‘कालच्यासारखा आज फसणार नाही.’”

बाईंनी पावतीवरची ती सही पुन्हा बघितली. अक्षरं सरळ, ठाम, कुठे हात थरथरलेला नाही. आपल्या मृत्यूवर इतक्या रुबाबात सही केलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती.

६

त्यांनी मुलीला चौकीतून नाकसाहेबांच्याच घरी आणवलं. बायकोलाही समोर बसवलं. वरिष्ठांनी दिलेली मुदत संपायला दोन तास उरले होते.

“मी बोलते,” बाई मुलीला म्हणाल्या. “चुकलं तर थांबव. वर्षभर सर प्रत्येक पट्टी आधी तुला देत होते, हे मालकाकडून कळलं. ‘आधी तू हुंग, मग मी.’ लोकांना वाटायचं, काय पण शिकवतात! ते मात्र पट्टीकडे बघतच नव्हते, तुझ्या चेहऱ्याकडे बघत होते. सहा वर्षं शिकवलेला चेहरा. त्यावर गुलाब आला की ते गुलाब म्हणायचे. बरोबर?”

मुलीने नजर दाराकडे वळवली.

“‘कालच्यासारखा फसणार नाही’ म्हणाले ते तुला. म्हणजे परवा तू एक पट्टी साध्या पाण्यात बुडवलीस.”

बायको चमकून एकीकडून दुसरीकडे बघायला लागली. मुलीने ओंजळीत तोंड लपवलं. मग ती बोलली, ती हातांच्या आडूनच.

“मला खात्री करायची होती फक्त. पट्टी नाकाशी धरली आणि गुलाब आल्यासारखा चेहरा केला. सर म्हणाले, गुलाब, जुना, कोरड्या जागेत ठेवलेला. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. मी सरांकडे बघितलं आणि... त्यांना कळलं. त्यांचा चेहरा असा झाला, की मी तिथेच मरायला हवं होतं. मग हाकललं मला. मी म्हटलं, हे जिवावर बेतेल तुमच्या. मला म्हणायचं होतं, असं लपवत राहणं. मी त्यांना भीती घालत नव्हते हो!”

“आणि काल?”

“माफी मागायला गेले होते. म्हणणार होते, कुणाला सांगणार नाही, माझं नाक तुमचंच समजा. जिन्यात वास आला. मी सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, वर्षभर बघायचे तसंच. आणि त्यांना वाटलं, हाही कालच्यासारखाच खोटा चेहरा. गॅसवाल्यासमोर त्यांची फजिती करायला केलेला.” तिने ओंजळ खाली घेतली. “त्यांनी दार उघडलं तेव्हा एवढा वास आला की माझे डोळे चुरचुरले. मी ओरडले. ते आत शिरले, कडी लावली. मी दार बडवत होते, सर, काडी ओढू नका, सर! आतून म्हणाले, तुझी नाटकं पुरे झाली. एकदाच खोटा चेहरा केला मी त्यांच्यापुढे, बाई. त्याच्या दुसऱ्याच दिवशी खरं सांगायची वेळ आली. मग मीच नाही का मारलं?”

बाईंनी मनात सगळं एका ओळीत मांडलं. एक साबणाची वडी, एक न बसवलेला वायसर, परवाच ठरलेली परीक्षा: ह्यातलं काही कुणी मुद्दाम केलं नव्हतं. पण प्रत्येक वेळी वाचायला एकच वाक्य पुरलं असतं, मला वास येत नाही. डॉक्टरांकडे, मालकासमोर, जिन्यात, कडी लावण्याआधी. चार वेळा ते वाक्य त्या माणसाच्या ओठांशी आलं आणि चार वेळा त्याने ते गिळलं.

“तू नाही मारलंस,” बाई शेवटी म्हणाल्या. “पण हे कागदावर आल्याशिवाय तू सुटत नाहीस. डॉक्टर उलटतील, कारागीर नोकरीसाठी फिरेल, आणि मालकाला तर तूच गुन्हेगार हवी आहेस, नाहीतर वर्षभराचा माल कुणाच्या नाकाने पास झाला हे सांगावं लागेल. घरातल्या माणसाचा जबाब लागेल मला. मग उद्या सगळ्या शहराला कळेल की नाकसाहेबांना वास येत नव्हता.”

“नको!” मुलगी ओरडली. “काकू, नको. मी जाते तुरुंगात. सरांचं नाव राहू दे.”

बायको एकटक भिंतीकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते, जणू काही मनात मोजत होती.

“ते करपलेलं दूध,” ती म्हणाली. “ते प्रेमाने नव्हते प्यायले.”

बाईंनी मान खाली घातली. वीस वर्षांच्या नोकरीत कुणाचं काही हिरावून घेताना त्यांना एवढी लाज वाटली नव्हती.

“आणि छान झालंय म्हणायचे, ते सगळं...” ती उठली. पदराने तोंड पुसलं, बाईंच्या हातातला कागद ओढून घेतला आणि वाचायच्या आधीच सही केली. “लिहा काय लिहायचं ते. ह्यांच्या नावापायी एक माणूस गेला. पोर नाही जाऊ देणार मी.”

मग कुणाला न विचारता ती ओट्याकडे वळली. चहाचं आधण ठेवलं, दूध तापत ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. खांदे गदगदत होते. दूध उतू जाऊन शेगडीवर चर्र आवाज झाला तेव्हाच तिने वळून बघितलं. तसाच चहा गाळला आणि पहिला कप मुलीच्या सुजलेल्या हातांत दिला.

मुलीने एक घोट घेतला. बायको तिच्या चेहऱ्याकडे बघत उभी होती. मुलगी घाबरली, तिने बाईंकडे बघितलं, मग कपात बघितलं.

“काकू,” ती हळूच म्हणाली, “दूध लागलंय.”

“हो ना?” बायको म्हणाली, आणि तिथेच जमिनीवर बसून कालपासून पहिल्यांदा मोठ्याने रडायला लागली.